परसातली चूल

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्या घरात अजूनही परसातल्या चुलीवरचेच पाणी लागते. छपरावर सोलर आहे, न्हाणीत गिझर आहे. पण आदल्या रात्री घासूनपुसून, गळ्यात झेंडूची माळ घालून भरलेला तांब्याचा हंडा पहाटे चुलीवर चढला, पाण्याला धुराचा वास लागला, की मगच घरच्यांना सण आल्यासारखे वाटते. त्यामुळे २०२३ सालच्या पावसाळ्यात ही चूल ढासळली तेव्हा घरात एक लहानशी सभाच भरली.

झाले होते असे. जुलैच्या पावसात फणसाची एक फांदी मागच्या पडवीवर पडली, चार कौले फुटली आणि पाण्याची धार नेमकी चुलीवर लागली. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे तर पावसाळाभर छत्री मिटायची सोय नसते. आमचे गाव तितके आत नाही, तरी आठ-दहा दिवसांची झड कच्च्या मातीला पुरेशी होते. फुटलेल्या कौलांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण मागच्या पडवीत रोज जाणारे माणूसच आता घरात उरले नव्हते. गणपतीच्या आधी झाडलोट करायला गेले तर चुलीची उजवी भिंत खाली बसलेली, मागचे थान गळून पडलेले आणि राखेचा चिखल झालेला.

हे म्हणाले, ‘‘पाडून टाकू या. उगाच विंचूकाट्याला जागा.’’

मुलगा म्हणाला, ‘‘तिथं गाडीसाठी शेड होईल की.’’

नातीने विचारले, ‘‘मग दिवाळीचं पाणी?’’

तिला कोणी उत्तर दिले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण ती चूल आत्तींची होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

खरे सांगायचे तर चूल पाडावी असे मलाही वाटत होते. पावसाचे निमित्त झाले एवढेच. माझा त्या चुलीवर राग होता आणि तो जुना होता.

१९८७ साली लग्न होऊन मी या घरात आले ती बेळगाव शहरातून. माहेरी आधी स्टोव्ह, मग गॅस. इथे स्वयंपाकघरात जोडचूल, म्हणजे पुढे चूल आणि बाजूला वैल. आणि परसात ही मोठी चूल. आत भाकरी-भात, बाहेर आंघोळीचे पाणी, म्हशीची आंबोण आणि सुगी झाली की भात उकडायचे काम. आमच्या या पश्चिम भागात उकड्या तांदळाची पेज सकाळी लागतेच, त्यामुळे ते दोन-चार दिवस परसातली चूल विझत नसे. मी पहिल्यांदा जाळ घालायला बसले तेव्हा शहरी उत्साहाने चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले. आग लागेना, नुसता धूर. डोळ्यांतून पाणी येऊन मी मागे सरले तेव्हा आत्ती जवळ बसल्या आणि दोन लाकडे बाहेर ओढून म्हणाल्या, ‘‘अगं, तिलाबी श्वास घ्यायला जागा ठेव की.’’ लाकडे मोकळी झाली, खालून वारा शिरला आणि भडका उठला. चुलीचे पहिले शास्त्र मी त्या दिवशी शिकले.

पुढे आत्तींच्याच श्वासाचा प्रश्न आला. २०१६ साली त्यांचा खोकला काही केल्या थांबेना. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायच्या. बेळगावला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक नळी हातात दिली आणि जोर लावून फुंकायला सांगितले. साठ वर्षे फुंकणी फुंकलेल्या बाईला ती नळी फुंकता आली नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा मध्येच खोकला आला. डॉक्टरांनी कागद पाहून विचारले, ‘‘आजी, विडी ओढता काय?’’

आत्ती हसल्या. म्हणाल्या, ‘‘मी नाही हो. चूल ओढते.’’

त्यांना वाटले गंमत केली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले की हा सीओपीडी नावाचा आजार आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो तसाच बंद स्वयंपाकघरात लाकूड आणि शेणी जाळणाऱ्या बायकांनाही होतो. गेलेला श्वास परत येत नाही, राहिलेला जपायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की घरातल्या अशा धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. असे आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. आमच्या घरातला आकडा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेला होता.

गॅस घरात नव्हता असे नाही. १९९८ पासून होता. पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी चुलीवरचीच हवी, कारण ‘गॅसवरची भाकरी घशाखाली उतरत नाही’ असे घरातले पुरुष म्हणत. आणि पुरुषांनाच का नावे ठेवू? मीही म्हणत होते. ताव्यावरून उतरवून निखाऱ्यापुढे उभी केलेली, टम्म फुगलेली ती भाकरी मलाही आवडत होती. ती भाजणाऱ्या बाईच्या छातीत काय साचत होते ते मला दिसले नाही, म्हणजे मी पाहिले नाही.

धूर बायकांना बाधतो हे कोणाला ठाऊकच नव्हते असेही नाही. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी तीन भांड्यांची, धुराड्याची ‘अस्त्र ओले’ तयार केली होती. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. आमच्या गल्लीतही एका घरी धुराड्याची चूल होती. पण धुराडे वरचेवर झाडावे लागते. ते कोणी झाडले नाही, काजळीने तुंबले, धूर पुन्हा घरात फिरू लागला आणि एक दिवस ती चूल मोडली गेली. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा सिलिंडर हातात घेतलेल्या बायकांचे फोटो पेपरात येत होते. त्याच महिन्यांत आम्ही दवाखान्याच्या फेऱ्या मारत होतो.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात आतली चूल मी स्वतः फोडली. बाहेरच्या चुलीकडे वळले तेव्हा आत्ती आडव्या आल्या. ‘‘आतली मोड, माझं काय म्हणणं नाही. बाहेरची राहू दे. तिचा धूर आभाळात जातोय.’’ मी ऐकले, पण मनातून नाही. त्यानंतरची जवळजवळ सहा वर्षे जाळ घालायचा नाही असे आम्ही त्यांना बजावले होते आणि त्यांनी ते पाळले. तरी दर शनिवारी त्या मागे जाऊन चुलीवर पोतेरे फिरवून यायच्या. न पेटणाऱ्या चुलीला कशाला सारवायचे, असे मी एकदा रागाने विचारले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आता त्या नव्हत्या आणि चूल ढासळली होती. मी कुदळ घेतली. पहिला घाव घातला तसा भिंतीचा एक तुकडा सुटून पडला आणि त्याची कड समोर आली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर होते. एकावर एक, नखाएवढे पातळ, कुठे लालसर, कुठे शेणाचे हिरवट-करडे. इतक्या वर्षांची पोतेरी. आतल्या एका थरावर चार बोटांचे फराटे उमटलेले होते, वरून खाली, जरासे डावीकडे झुकलेले. मी तो तुकडा हातात घेऊन किती वेळ तिथे बसले मला आठवत नाही. माझा राग चुलीवर होता. पण त्या बाईच्या हातचे घरात दुसरे काय उरले होते? तिने रांधलेले आम्ही खाऊन टाकले होते. कुदळ ठेवली आणि घरात जाऊन सांगितले, ‘‘चूल परत घालायची. बाहेरच. आणि मी घालणार.’’

आता गंमत बघा. मी पस्तीस-छत्तीस वर्षे या घरात राहिले, चुलीवर रांधले, पण चूल घालणे मला येत नव्हते. ते काम आत्तींचे, म्हणून मी कधी पाहिलेच नाही. घरामागची लाल माती खणली, पाणी घातले, मळली, दोन दिवसांत चूल उभी केली. लवकर वाळावी म्हणून पडवीतून उन्हात आणली. तिसऱ्या दिवशी जाळ घातला. पाव तासात टचकन आवाज झाला आणि मागून पुढेपर्यंत बोट जाईल अशी भेग पडली.

आमच्या शेजारी एक कानडी आजी राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आत्तींशी त्यांचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी असे. भेगेकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘अवसर ब्याड, वैनी. घाई केली की ओले रुसतेय.’’ मग पदर खोचून त्या खाली बसल्या आणि चार दिवस माझी शाळा घेतली.

पहिला धडा मातीचा. आमच्या जिल्ह्यात पूर्वेला काळी माती, पश्चिमेला लाल. काळी वाळताना फार आकसते, म्हणून नुसतीची चूल तडकते. आमची लाल माती जाडीभरडी, ती नीट चिकटत नाही. म्हणून तिच्यात वारुळाची माती मिसळायची. ती वाळवीनेच चाळून मऊ केलेली असते. चार घमेली माती, एक घमेले भाताचे तूस, अर्धे घमेले शेण हे अक्कांचे माप. पिंजार असेल तर बोटभर लांबीचे तोडून घालायचे. तूस आणि पिंजार माती धरून ठेवतात. पुढे जाळाने आतल्या आत जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यामुळे माती ताणाने फाटत नाही आणि उष्णताही भिंतीतून लवकर बाहेर जात नाही. हे सगळे दोन दिवस भिजत ठेवायचे आणि पायाने तुडवायचे. ‘‘हाताला लागू नये आणि गोळा सुटू नये,’’ इतके तुडवायचे.

मी जुन्या चुलीचे तुकडे बाजूला रचून ठेवले होते. अक्का म्हणाल्या, तेही घाल. जाळाने लालकाळा झालेला आतला भाग कुटून त्याचा भरडा केला. भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, म्हणून असा भरडा घातला की नवी चूल कमी तडकते. कुंभारही तसे करतात. बाहेरचा भाग मात्र कच्चाच होता. तो पाण्यात टाकला तर तासाभरात विरघळून गाळ झाला. तेव्हा मला एक गोष्ट उमगली. मडके भट्टीत पुरते भाजलेले असते, म्हणून त्यात पाणी राहते. पण फुटले की फुटले. चूल आतून भाजते आणि बाहेरून कच्ची राहते. म्हणून ती पावसाने विरघळते, आणि म्हणूनच ती हजारदा दुरुस्त करता येते. ते फराट्यांचे थरही त्या पाण्यात गेले. बोटांचा तुकडा ठेवावा का, असा विचार मनात आला होता. पण ठेवून काय, कपाटात? टाकला पाण्यात.

चूल घातली घोड्याच्या नालेसारखी. भिंत चार बोटे जाड, वीतभर उंच. वर तीन थाने, भांडे आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहील इतकी. फट कमी झाली तर धूर कोंडतो, जास्त झाली तर जाळ भांड्याला न लागता बाहेर पळतो. तोंड वाऱ्याला आडवे. वाऱ्याकडे तोंड केले तर ज्वाळा मागून पळते, पाठ केली तर धूर बसणाऱ्याच्या तोंडावर येतो. आमचा वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून तोंड उत्तरेला केले. मग कौले बदललेल्या पडवीत, सावलीत, दहा दिवस वाळवली. रोज संध्याकाळी ओल्या हाताने चोपून बारीक भेगा मिटवल्या. पहिला जाळ फक्त मूठभर काटक्यांचा, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, असा पाच दिवस वाढवत नेला. मातीत मुरलेल्या पाण्याला सावकाश बाहेर पडू द्यावे लागते. एकदम तापवले तर त्याची आतच वाफ होते आणि भिंत फाडून बाहेर येते. माझी पहिली चूल अशीच गेली होती.

घालणे सोपे, राखणे अवघड, हे अक्का पुन्हा पुन्हा सांगत. विस्तवावर पाणी ओतायचे नाही. तापलेली माती त्याने तडकते. लाकडे बाहेर ओढायची आणि निखाऱ्यावर राख लोटायची. राख सगळी उपसायची नाही, तळाला दोन बोटे ठेवायची. पण त्याहून वाढू द्यायची नाही, नाहीतर खालून वारा शिरत नाही. भेग दिसली की कोरडीच लिंपायची नाही. आधी पाण्याने भिजवायची, मग माती, शेण आणि चाळलेली राख एकत्र करून आत दाबायची. कोरड्या भेगेत घातलेली माती दुसऱ्या दिवशी पोपडा होऊन पडते. हंड्याच्या बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे काजळी घासताना जीव जात नाही. आणि जाळ घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी, चूल पूर्ण निवल्यावर, पोतेरे. जाळ नसला तरी आठवड्याला एकदा. त्या निमित्ताने हात सगळीकडून फिरतो आणि भेग केसाएवढी असतानाच कळते. न पेटणाऱ्या चुलीला आत्ती का सारवत होत्या, याचे उत्तर मला असे उशिरा मिळाले. त्या गेल्यावर हात फिरायचा थांबला आणि फुटलेली चार कौले कोणालाच दिसली नाहीत.

मी मात्र दोन नियम माझे घातले. पहिला, ही चूल रोजच्या स्वयंपाकाची नाही. दिवाळीची आंघोळ, सोलर रुसते तेव्हाचे पाणी, वर्षातून एकदा भात उकडणे आणि थंडीत राखेत पुरलेली रताळी, एवढेच. जळण वर्षभर वाळलेले. ओले लाकूड नाही, प्लॅस्टिकचा कपटा नाही. आणि थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत न्यायची नाही. त्या विषारी वायूला वास नसतो. दुसरा नियम, पोतेऱ्याची पाळी सगळ्यांना. ज्याला धुराच्या वासाचे पाणी हवे, त्याने शेणात हात घालायचा. हे आधी हसले. मुलाने कपाळाला आठ्या घातल्या. पण पहिल्या पाळीला यांनीच पोतेरे केले. फार वाईट केले. अर्धी माती चुलीपेक्षा लेंग्यावर होती. करताना ते काही बोलत नव्हते. शेवटी हात धुता धुता म्हणाले, ‘‘आई हे रोज करत होती?’’ मी म्हटले, ‘‘रोज.’’

त्या दिवाळीला पहाटे चारला मी आणि नात मागे गेलो. ती लगेच काटक्या घालायला वाकली. मी तिला थांबवले. आत्तींनी मला शिकवले होते, सकाळी चुलीत आधी हात घालायचा नाही, काठी घालायची. थंडीत उबेला विंचू बसलेला असतो, नाहीतर मांजर. नातीने काठीने राख हळूच हलवली. आदल्या संध्याकाळी आम्ही थोडा जाळ घालून पाहिला होता, राख अजून कोमट होती. आतून शेजारच्यांची बोकी अंग ताणत, राखाडी होऊन बाहेर आली आणि आमच्याकडे न पाहता निघून गेली.

नातीने लाकडे मांडली. गच्च भरली होती. मी दोन बाहेर ओढली.